हॉलमधला खांब आणि त्याचे नटबोल्ट

घरात फ्रिज असतो, कूलर असतो, त्यांचे किस्से कुणी सांगत नाही. पण आमच्या हॉलच्या मधोमध फरशीपासून छतापर्यंत एक चकचकीत स्टीलचा खांब उभा आहे, आणि चार वर्षांत त्याचे इतके किस्से साचलेत की मधल्या सुट्टीत माझा डबा रोज अर्धाच संपतो. स्टाफरूममध्ये कुणीतरी म्हणतंच, "बाई, खांबाचं नवीन काय?" की झालं! पोळी हातात राहते आणि घंटा वाजते.

माझं नाव मंजूषा. बीडमधल्या एका हायस्कुलात मी विज्ञान शिकवते. लहानपणी दोरीचा मल्लखांब केलेला. पुढं लग्न, नोकरी, स्कूटी, कंबरदुखी असं सगळं रीतसर होत गेलं. बेचाळिसाव्या वर्षी पुण्याला मावसबहिणीकडं गेलते, तर ती मला तिच्या पोल डान्सच्या क्लासला घेऊन गेली. माझ्या वयाच्या बायका स्टीलच्या खांबावर चढत होत्या, उलट्या होत होत्या, गिरक्या घेत होत्या. मी म्हटलं, अगं, हे तर आपलंच! फक्त दोरीच्या जागी स्टील.

दोन सुट्ट्या तिथं शिकले आणि एक खांब घरी मागवला.

* * *

खांब आला तो एप्रिलमध्ये, टेम्पोतून. खोक्यातून तीन लांब नळ्या. आता आमच्या गल्लीत एप्रिलमध्ये कुणाच्या दारात पाईप उतरला की माणूस एकच विचारतो.

"किती फूट घेताय?" शेजारचे काका गेटवरूनच ओरडले.

मी खोलीची उंची विचारतायत असं समजून म्हटलं, "दहा."

"दहा फुटावर पाणी!"

संध्याकाळपर्यंत आमच्या बोअरची बातमी चार गल्ल्या फिरून आली. दुसऱ्या दिवशी मी शाळेतून घरी आले तर हॉलमध्ये एक पाणाड्या! तळहातावर नारळ आडवा ठेवून, डोळे मिटून अनवाणी फिरतोय, आणि आमच्या आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, त्याच्या मागं मागं चहाचा कप घेऊन फिरतायत.

फिरत फिरत तो स्वयंपाकघरात गेला. नारळ उभा राहिला.

"आज्जी, हितं हाय पाणी. लई हाय!"

आत्यांनी कप खाली ठेवला. "ते बेसिन हाय बाबा. तितलं पाणी नळाचं हाय, अन् तेबी आठ दिसांनी येतंय!"

* * *

खांब बसवायचं काम आमच्या साहेबांनी अंगावर घेतलं. साहेब म्हणजे माझे यजमान सुधाकर. सरकारी खात्यात सिव्हिल इंजिनिअर आहेत आणि हे घर त्यांनीच बांधलंय, हे ते घरी येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतात.

"सोपंय गं. खाली एक ताटली, वर एक ताटली, मधे स्क्रू. फिरवत राहायचं. छताला दाबून बसतो."

फिरवत राहिले. खांब वर जात राहिला.

"बघ, किती जागा घेतोय!"

आणि फस्सकन आवाज झाला. खांब छतात वीतभर घुसला आणि साहेबांचं डोकं, मिश्या, चष्मा सगळं पांढरं झालं. हॉलला आम्ही हौसेनं पीओपी करून घेतलं होतं, ते त्यांच्या लक्षातच नव्हतं!

मग उस्मानचाचांना बोलावलं. चाचा चाळीस वर्षं गेट, ग्रिल, जिने बनवतात. बीडमधल्या निम्म्या गॅलऱ्यांना त्यांचे गज आहेत. ते आले, काठीनं छतावर तीनदा टकटक केलं आणि मान हलवली.

"बाई, हे छत न्हाई. हा डब्बा हाय. छत याच्या वर हाय."

साहेब म्हणाले, "मला माहीत होतं."

चाचांनी खांबाकडं बोट दाखवलं. "मग याला कावून न्हाई सांगितलं?"

* * *

चाचांचं काम बघण्यासारखं होतं. पीओपी गोल कापून ते थेट स्लॅबपर्यंत गेले. ठोकून ठोकून बीम कुठून जातो ते शोधलं. तिथंच ड्रिल मारून लोखंडी ताटली चार बोल्टांवर घट्ट केली. त्याआधी खालच्या फरश्या नाण्यानं वाजवून बघितल्या आणि एक पोकळ लागली म्हणून खांबाची जागा चार बोटं सरकवली. मग लेव्हलची पट्टी खांबाला लावली, एका बाजूनं आणि मग आडव्या बाजूनं. साहेब म्हणाले, "एकदा बघितली ना?" तर चाचा म्हणाले, "एका बाजूनं तर पडका गेटबी सरळ दिसतो साहेब."

सगळं झाल्यावर मी खांबाला हात घालणार, तर त्यांनी अडवलं. "अजून न्हाई. आधी मुक्या मालाला लटकवू, मग बोलत्या माणसाला."

कोपऱ्यात आत्यांचं ज्वारीचं पोतं होतं. चाचांनी खांबाला क्लॅम्प लावून ते पोतं छातीएवढ्या उंचीवर टांगलं. "दोन दिवस हात लावू नका. मी येऊन बघतो."

आत्या बघतच राहिल्या. "अन् भाकरीला काय करू?"

तिसऱ्या दिवशी चाचा आले. खांब हलवला, पट्टी लावली, ताटलीचे बोल्ट बघितले. सगळं जिथल्या तिथं. मग पोत्याला खालून हात दिला आणि चमकले.

"बाई, वजन कमी कसं झालं?"

पोत्याला बाजूनं एक बारीक भोक होतं आणि त्याला चिंधीचा बोळा लावलेला होता. आत्या तिकडं न बघता म्हणाल्या, "पोटात गेलं!"

* * *

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त गुरुजी भाड्यानं राहतात. पंचाहत्तरीचे, एकटे, अत्यंत सज्जन. भूकंप झाला तेव्हा ते लातूरकडं नोकरीला होते आणि तेव्हापासून भांडं वाजलं तरी ते दाराकडं बघतात. हे आम्हाला ठाऊक होतं, पण आमचा खांब त्यांच्या फरशीला खालून जोडलेला आहे हे काही डोक्यात आलं नाही.

मी सकाळी साडेसहाला सरावाला सुरुवात केली. आठवडाभरानं दूधवाला म्हणाला, "बाई, वरचे गुरुजी रोज सकाळी बनियनवर रस्त्यात कावून उभे राहतेत?"

मी वर गेले. दारात एक पिशवी तयार होती. त्यात औषधं, चष्मा, पेन्शनचं पुस्तक आणि बायकोचा फोटो.

"बाई, बारीक बारीक धक्के बसतायत," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "रोज एकाच वेळेला. तुम्हालाही सांगणार होतो, पण घाबरवावंसं वाटलं नाही."

मला इतकं वाईट वाटलं! हाताला धरून त्यांना खाली आणलं, खांब दाखवला, चढून दाखवला. त्यांनी खांबाला हात लावून बघितला. मग चाचांना सांगून वरची ताटली आणि स्लॅब यांच्या मधे जाड रबर घातलं, तिचे बोल्ट पुन्हा आवळून घेतले, आणि गुरुजींना सरावाचं टाइमटेबल लिहून दिलं. त्यांनी ते भिंतीवर चिकटवलं.

मागच्या महिन्यात मला ताप होता, दोन दिवस खांबाला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी सातला दार वाजलं. गुरुजी बनियनवर, हातात तीच पिशवी.

"बाई, आज भूकंप कसा नाही? बरी आहेस ना?"

* * *

हळूहळू मैत्रिणी जमल्या. रेखाताईंचं मेडिकल आहे, त्या पन्नाशीला आलेल्या. शबाना ही उस्मानचाचांची मुलगी, ब्लाउज शिवते, तिच्याकडं नंबर लावावा लागतो. आणि आमच्याच घरात राहणारी भाची अश्विनी, नणंदेची मुलगी, लॅबमध्ये रक्त तपासते. तिघींत ती सगळ्यात तरबेज.

खांब दोन तऱ्हेनं चालतो. एक बारीक स्क्रू आवळला की तो जागेवर स्थिर, सैल केला की फिरता. एका रविवारी अश्विनी फिरत्यावर करून गेली आणि स्क्रू परत आवळायचा राहिला. रेखाताई आल्या. त्यांना वाटलं, खांब नेहमीसारखा स्थिर आहे. त्यांनी धावत येऊन झोकात हात टाकला, पाय उचलले आणि निघाल्या की भिंगरीसारख्या!

"अगं थांबवा! थांबवाऽऽ!"

"ताई, पाय लांब करा! पाय लांब केले की वेग कमी होतो!" मी ओरडले. विज्ञानाची बाई ना!

घाबरलेला माणूस पाय जवळ घेतो. त्यांनी घेतले. वेग वाढला.

शेवटी साहेबांनी जेवणाच्या टेबलावरून उठून गादी पुढं सरकवली आणि ताई तिच्यावर अलगद बसल्या. पाच मिनिटं डोळे मिटून होत्या. शबानानं पाणी दिलं. मग एक डोळा उघडून म्हणाल्या, "पाली गाव दिसलं, चौसाळा दिसलं, गेवराई दिसली. माहेर तेवढं राहिलं!"

त्या दिवसापासून खांबाला एक लाल रिबन असते. रिबन बांधलेली म्हणजे खांब फिरता. रेखाताई मेडिकलमधून येतानाच फोन करतात, "रिबन काय म्हणते?"

* * *

हा पुढचा किस्सा सांगताना मी अजूनही हसत नाही, पण सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

थंडीत आत्यांनी गोधड्या धुतल्या. अंगणातली दोरी भरली, तर त्यांनी खांबापासून खिडकीच्या गजापर्यंत एक दोरी बांधली आणि ओली गोधडी घातली. चारपाच दिवस एकेक गोधडी वाळत होती. थंडीपुरता सराव संध्याकाळी ठेवलेला, तोवर दोरी निघालेली असायची. मला पत्ताच नाही. चढण्याआधी खांब हातानं ओढून, स्क्रू बघून, मगच चढायचं असा आमचा नियम होता. त्या दिवशी मला शाळेत उशीर झालेला, शबाना घाईत, मी म्हटलं, "असू दे, कालच बघितलाय."

शबाना वर गेली आणि खांब बोटभर सरकला. बोटभरच. पण वर असताना बोटभर म्हणजे काय, हे वर असणाऱ्यालाच कळतं. तिनं घाबरून हात सोडला, गादीच्या काठावर पडली आणि मनगट फरशीवर आपटलं. उजवं मनगट. जिच्याकडं लग्नसराईचे ब्लाउज पडलेत तिचं उजवं मनगट!

प्लास्टर झालं. सहा आठवडे.

चाचा दवाखान्यातून थेट आमच्याकडं आले. मी दारातच रडायला लागले. ते आत आले. खांबाशी बसले, खालचा सैल झालेला स्क्रू बोटानं फिरवून बघितला, मग खांबावर दोरीचा घासलेला पट्टा दिसला त्यावर अंगठा फिरवला.

"इथं कपडे कोण वाळत घालतं?"

आत्या पुढं आल्या. तोंड एवढंसं झालेलं. "मी."

चाचा उठले.

"आपा, गलती माझी हाय. वरून खाली कितीबी वजन टाका म्हणून सांगितलं. आडवं ओढू नका, हे सांगायचं राहिलं."

आत्या त्यानंतर सहा आठवडे रोज दुपारी डबा घेऊन शबानाकडं चालत गेल्या. रिक्षानं गेल्या नाहीत. शबाना पलंगावरून सांगायची आणि आम्ही तिघी हुक लावायचो, काजं करायचो, धागे तोडायचो. रेखाताईंनी एका नवरीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या लावल्या, ते शबानानं बघितलं आणि पहिल्यांदा पोट धरून हसली.

प्लास्टर निघालं त्या दिवशी ती आमच्याकडं आली. मी म्हटलं, "शबाना, आज नुसती बस, चहा घे."

"पाना द्या."

"काय?"

"पाना द्या, मंजूषाबाजी. आज मी बघणार. अन् इथून पुढं जी चढणार तिनंच बघायचं. कुणी कुणाला 'कालच बघितलाय' म्हणायचं न्हाई."

मी पाना दिला. तिनं एकेक बोल्ट बघितला, डाव्या हातानं.

* * *

तो पाना आता आत्या देवघरात ठेवतात. बाहेर ठेवला की सापडत नाही, असं कारण सांगतात. इंग्रजी एल अक्षरासारखा छोटा, सहा कोनी पाना. दसऱ्याला हळदकुंकू लागतं, फूल मिळतं, आणि मग कधीकधी रोजच्या पूजेतही मिळतं.

हळदीकुंकवाला आलेल्या एका बाईंनी देवघरात वाकून बघितलं. "आज्जी, हे कोणतं दैवत? नवीन दिसतंय."

आत्यांनी वातीला तेल घातलं. "नाव न्हाई म्हाईत. पडू देत न्हाई, एवढं खरं!"

* * *

माझ्या शाळेत चौसाळ्याहून येणारी एक तरुण बाई आहे, मीनाक्षी. तिला आमचा खांब बघून घरी खांब हवा झाला. घर माळवदाचं. लाकडी तुळया, वर मातीचं धाबं. उस्मानचाचांना घेऊन आम्ही गेलो. चाचांनी आत जाऊन वर बघितलं, एका तुळईला हात लावला आणि बाहेर आले.

"न्हाई."

"चाचा, हळूच दाबला तर?" मीनाक्षी म्हणाली.

"बेटी, स्लॅबला दाबलं तर स्लॅब परत दाबतो. हे धाबं तुला परत दाबणार न्हाई, तुझ्यावर बसणार हाय."

तिचं तोंड उतरलं. चाचा अंगणात दोन फेऱ्या मारून आले. मग म्हणाले, छताला धरायचं नसेल तर जमिनीला धरू. अंगणात छातीएवढा खड्डा घेतला, खाली जाड ताटली वेल्ड केलेला भक्कम पाईप त्यात उभा केला, सळया टाकल्या, काँक्रीट भरलं. "एकवीस दिवस पाणी मार. त्याच्या आत कुणी हात लावायचा न्हाई."

मीनाक्षीनं रोज पाणी मारलं. बाविसाव्या दिवशी मी आणि चाचा उद्घाटनाला गेलो. बघतो तर खांबाला तिच्या सासऱ्यांनी बैल बांधलेला! साधा नाही, खिल्लार, आडदांड. आम्हाला बघून बिथरला आणि त्यानं असे हिसके दिले, असे हिसके दिले की मीनाक्षीला रडू फुटलं.

सासरे गडबडीनं बैल सोडायला धावले. "चुकलं, चुकलं! चांगला खुटा दिसला म्हणून बांधला."

चाचांनी त्यांना हातानं थांबवलं. खिशातून पट्टी काढली, बैलाला वळसा घालून खांबाला एका बाजूनं लावली, मग दुसऱ्या बाजूनं. बुडबुडा मधोमध.

"राहू द्या अजून पाच मिनिटं. असा फुकट इन्स्पेक्टर कुठं मिळतोय!"

* * *

आणि हा अश्विनीच्या सोयरिकीचा.

स्थळ गेवराईकडचं. मुलगा जनावरांचा डॉक्टर, शांत, दोघांची आधी भेट झालेली आणि एकमेकांना पसंत. राहिले होते ते मुलाचे वडील, आबासाहेब. मोठी शेती, गावच्या राजकारणात वजन, आणि देहालाही. रविवारी सकाळी दहाला मंडळी येणार, आमच्याच घरी, कारण नणंदेचं गाव आडवाटेला.

नणंदेचा आदल्या दिवशी फोन. "वहिनी, तुमच्या पाया पडते. तेवढा तो खांब काढा."

मी चाचांना फोन केला. चाचा म्हणाले, "काढतो. पण परत बसवायला मला सगळं पहिल्यापासून करावं लागेल. रविवारी काढलेला सोमवारी घाईनं बसवून मिळणार न्हाई." शबानाचं मनगट डोळ्यांसमोर आलं. मी म्हटलं, राहू द्या.

मग आत्यांनी खांबाला त्यांची हिरवी साडी गुंडाळली, वर आंब्याचा टहाळा बांधला. लांबून बघितलं तर लग्नाच्या मांडवातली मुहूर्तमेढ! नणंद आल्यावर म्हणाली, चालेल.

मंडळी आली. अकरा माणसं. आबासाहेब नेमके खांबाशेजारच्या खुर्चीत बसले. बसताना आधाराला त्यांनी खांबच धरला. धरला तो धरला आणि वर बघितलं.

"इंजिनिअर साहेब, हे काय हाय?"

आमच्या साहेबांना खोटं बोलायची सवय नाही. त्यामुळं बोलले तर फारच वाईट बोलतात.

"टेकू आहे."

"कशाला?"

"स्लॅबला. जरासा... आधार."

आबासाहेबांनी स्लॅब बघितला. मग साहेबांना बघितलं.

"घर तुमीच बांधलंय म्हणालात."

"होय."

आबासाहेबांनी खुर्ची हातभर मागं घेतली. त्यांच्या भावानं त्याहून थोडी जास्त घेतली. पोहे वाटून होईपर्यंत अकराच्या अकरा माणसं भिंतीला पाठ लावून बसलेली, ग्रुप फोटोला बसतात तशी! मधे मोकळा हॉल आणि हिरव्या साडीतला खांब. भावानं हळूच विचारलं, "बाहेर ओट्यावर बसायचं का? हवा चांगली हाय."

साहेबांचे कान लाल झाले होते. आयुष्यभराचं काम त्यांनी एका शब्दात पाडलं होतं.

तेवढ्यात अश्विनी चहा घेऊन आली. तिनं भिंतीकडं बघितलं, मामाच्या कानांकडं बघितलं, आणि ट्रे खाली ठेवला.

"आबासाहेब, मामांचा स्लॅब पक्का आहे. तो टेकू नाही. मी रोज त्याच्यावर चढते. व्यायाम आहे. लग्नानंतरही करणार आहे."

नणंद विषय बदलायला पोह्यांची बशी घेऊन पुढं निघाली. आत्यांनी ती काढून घेतली.

"कुठपत्तर चढते?" आबासाहेबांनी विचारलं.

"वरपर्यंत."

आबासाहेबांनी परत वर बघितलं. डॉक्टर मुलगा एवढंच म्हणाला, "पडत नाही ना?"

"तपासून चढते."

मुलाच्या आई भिंतीशी कडेला बसल्या होत्या. बारीक अंगाच्या, डोक्यावरून पदर. त्या उठल्या, खांबाजवळ गेल्या, साडीची घडी बाजूला करून स्टीलला तळहात लावला. एकदा ओढून बघितलं. परत एकदा, दोन्ही हातांनी. मग पदर सारखा करून जागेवर येऊन बसल्या.

मंडळी जेवली आणि "कळवतो" म्हणून गेली. आपल्याकडं 'कळवतो' म्हणजे काय ते लहान पोरालाही कळतं. नणंद गावी परतलीच नाही, स्वयंपाकघरात पदर डोळ्यांना लावून बसली. अश्विनी कामाला जायची, यायची, पाना मागून घ्यायची, तपासायची, चढायची. पण संगीत लावायची नाही.

पाचव्या दिवशी आबासाहेबांचा फोन. साहेबांनी स्पीकर लावला. आम्ही सगळ्या भोवती.

"मुलगी पसंत हाय," आबासाहेब म्हणाले. "तारीख काढा."

नणंद साखर आणायला निघाली.

"पण एक अडचण हाय इंजिनिअर साहेब."

नणंद दारातच थांबली. साहेब म्हणाले, "बोला ना."

आबासाहेबांनी आवाज खाली आणला.

"आमचं घर दोन सालाखाली बांधलेलं हाय. स्लॅब जाडजूड, कुठं केसाएवढी चीर न्हाई. सगळं सांगून झालं. पण आमची कारभारीण पाच दिस झाले ऐकत न्हाई. म्हणती, हॉलात टेकू पायजेच!"